कादंबरीला मुद्रितशोधक कशाला?

शाईवाली: काल इथे एकाने लिहिलं, "कादंबरीला मुद्रितशोधक कशाला? ऱ्हस्व-दीर्घ आता सॉफ्टवेअर बघतं." बावीस वर्षं प्रुफं वाचतेय, म्हणून बोलते. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे आजी चरख्यावर 'सुत' कातत बसली तरी सॉफ्टवेअर गप्प. गेल्या वर्षी एका कादंबरीत पान ३८वर अमावास्या, आणि ४१वर त्याच रात्री नायिका टिपूर चांदण्यात विहिरीवर! पानाच्या समासात प्रश्न लिहिला. लेखकाने पाचदा वाचलं होतं, पण लेखक कागदावरचं वाचतच नाही, मनातलं वाचतो.

वऱ्हाडकर: आणि माझ्या कथेचं काय केलं तुमच्यातल्याच एकाने? माझी आजी म्हणते, "काहून रे, पानी नाई आनलं?" छापून आलं, "का रे, पाणी नाही आणलंस?" पुस्तक हातात आलं तेव्हा ती दुसऱ्यांदा गेली.

शाईवाली: ते चुकलंच. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायला मुभा आहे, मग बोली बदलायचा हक्क कुणी दिला? पण शेवटचं प्रूफ तुम्ही पाहिलंत का?

वऱ्हाडकर: पाठवलंच नाही मला.

जुना वाचक: नियमांचं कौतुक पुरे. सगळा महाराष्ट्र 'धुवून' म्हणतो आणि तुम्ही 'धुऊन' छापता!

मास्तर: धातूत 'व' असेल तर 'वून': धाव, धावून. 'धू'मध्ये 'व' आहे कुठे? हल्ली 'जेऊन' छापतात, त्यावर बोला की.

जुना वाचक: मला 'व' ऐकू येतो. माझे कान काय खोटे?

मास्तर: कानावर लिहायचं तर प्रत्येकाचं व्याकरण वेगळं होईल. तीस वर्षं वर्गात हेच सांगतोय!

जुना वाचक: हा वर्ग नाही, मास्तर. आवाज खाली.

वऱ्हाडकर: माझी आजी राहिली बाजूला, तुमचं धुणंच चाललंय.

छापखान्याची सून: ताई, अमावास्या शोधणं संपादकाचं काम. तुम्ही नसती जबाबदारी अंगावर घेता.

शाईवाली: संपादक ठेवलाय किती जणांनी? डीटीपीवरून, म्हणजे संगणकावर पानं जुळवतात तिथून, फाइल थेट माझ्याकडे येते, फॉन्ट बदलताना रफार भलत्याच अक्षरावर गेलेले. पैसे पानावर मिळतात, अमावास्येचे वेगळे नाहीत. दिसल्यावर सोडू कशी?

वऱ्हाडकर: बरं. माझा पुढचा संग्रह येतोय. 'काहून', 'पानी', 'आनलं' अशा शब्दांची यादी सोबत देतो, त्यांना हात लावायचा नाही. बाकी बघा. आणि शेवटचं प्रूफ मी वाचल्याशिवाय छपाईला जाणार नाही.

शाईवाली: यादी आधी पाठवा. आजीच्या वाक्यात शंका आली तर फोन करीन.