मदत हवी आहे: लेकीला व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचंय. आधी कॉलेज की थेट क्लब?

मंडळी, जरा गोंधळले आहे.

लेक सतरा वर्षांची. पॉइंट गार्ड (संघाचा खेळ चालवणारी), उंची पाच फूट सहा इंच. परवा एका क्लबकडून कराराचा मसुदा आला: नाममात्र पगार, राहण्या-जेवणाची सोय त्यांची, सराव सीनियर संघाबरोबर. ती हवेत आहे. मी मात्र तिसऱ्या पानावर अडकलेय, तिथे 'व्यावसायिक खेळाडू' असे दोन शब्द आहेत. एका अमेरिकन कॉलेजशी स्कॉलरशिपचं बोलणंही चालू आहे. क्लबच्या कागदावर सही केली तर ते दार बंद होतं का?

तिचं अंतिम ध्येय अर्थातच डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग. मी हिशेब मांडून दाखवला: 2025 मध्ये 13 संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त 12 खेळाडू, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये 156 जागा. गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बाईसाहेब म्हणाल्या, "मग मी एकशे छप्पन्नावी." आता यावर काय बोलायचं!

त्या गुडघ्याचीही धास्ती आहेच. लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं म्हणे. आणि या उंचीवर कुणी घेतं का हो?

---

फास्टब्रेक:
ताई, सही करू नका. निदान आत्ता तरी. स्कॉलरशिप देणाऱ्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या पात्रतेचे नियम बघणारं ऑफिस) मसुदा पाठवून लेखी उत्तर घ्या. कोच फोनवर "काही हरकत नाही" म्हणाले, तर ते धरून चालू नका. एनसीएएचे (अमेरिकन कॉलेज-खेळांची नियामक संस्था) नियम अलीकडे भराभर बदलताहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा अनुभवही उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेबाहेरची, तिथल्या कॉलेजात न खेळलेली मुलगी ज्या वर्षी वीस पूर्ण करते त्या वर्षीच्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टला (संघ आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पात्र ठरते. एकदा कॉलेजकडून खेळली की अमेरिकन मुलींचाच नियम लागू: बावीस वर्षं किंवा पदवी. म्हणजे कॉलेजचा रस्ता लांबचा. पण गुडघा दगा दिला तर हातात पदवी असते.

उंचीचं म्हणाल तर डब्ल्यूएनबीएत खेळलेली बेकी हॅमन तेवढीच, पाच फूट सहा इंच. 1999 च्या ड्राफ्टमध्ये तिला कुणीच निवडलं नाही. तरी सहा वेळा ऑल-स्टार झाली (लीगमधल्या निवडक खेळाडूंत आली), पुढे कोच म्हणून 2022 आणि 2023 ला लास वेगास एसेस संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

---

झोनडिफेन्स:
हॅमन अपवाद आहे हो. ड्राफ्टमध्ये नाव आलेल्या मुलींनाही ट्रेनिंग कॅम्पमधून घरी पाठवतात, तेही सीझन सुरू व्हायच्या तोंडावर. आणि पैशाचं ऐका: 2024 ची पहिली निवड केटलिन क्लार्क, तिचा पहिल्या वर्षाचा लीगचा पगार 76,535 डॉलर. बाकीची कमाई जाहिरातींची. म्हणून तर वर्षानुवर्षं मुली उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात तुर्कस्तान, रशिया, चीनमध्ये खेळत आल्या. स्टार खेळाडू डायना टोरासीने 2015 चा अख्खा डब्ल्यूएनबीए सीझन सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घेण्याचेच पैसे दिले! बारा महिने खेळून शरीराचं काय होतं ते त्यावरून ओळखा.

क्लबचा रस्ता कमी प्रतीचा नाही. युरोपातल्या बहुतेक मुली तिथूनच वर येतात. फक्त करारात दोन गोष्टी बघा: दुखापत झाल्यावर उपचार आणि पगार कोण देणार, आणि मधेच सोडायचं झालं तर काय भरावं लागेल.

गुडघ्यासाठी उडी मारून खाली येतानाचं तंत्र शिकवणारा ट्रेनर आजच गाठा. वॉर्मअपमध्ये ते व्यायाम नियमित केले तर धोका खरंच कमी होतो.

---

मूळ धागाकर्ती:
दोघांचे आभार. कॉलेजला मसुदा आत्ताच मेल केला. क्लबकडे तीन आठवड्यांची मुदत मागितली, त्यांनी दोन दिले. दुखापतीबद्दल करारात एकच ओळ आहे: 'परिस्थितीनुसार निर्णय घेतला जाईल.' ती बदलून घ्यायला एजंट लागेल का, की वकील पुरे?