७१८ केमन: स्पोर्ट क्रोनोवाली घ्यावी की साधी? फरक ११ लाखांचा आहे

गोकुळशिरगावकर

नमस्कार मंडळी. वय ४७, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्क. शेवटच्या मशीनचा हप्ता मार्चमध्ये फिटला, मुलगी इंजिनिअरिंगला गेली, आणि घरातून परवानगी मिळाली. परवानगीचे शब्द असे: "एकदा काय ती घ्या आणि मोकळे व्हा. रोज रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर गाड्या बघत बसता, उजेडानं मला झोप येत नाही."

तर पोर्शे ७१८ केमन घ्यायची, जुनी. नवी मिळायची आशा संपली, पेट्रोल ७१८ बनवणं कंपनीनं २०२५ मध्ये बंद केलं. दोन गाड्या नजरेत आहेत. दोन्ही २०१९ च्या, दोन्ही बेस मॉडेल: २ लिटर टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. दोन्ही महाराष्ट्र पासिंग, त्यामुळे टॅक्सची भानगड नाही.

पुण्याची पांढरी. २६ हजार किमी. ऑप्शनच्या नावानं शंख. साधं सस्पेन्शन, १८ इंची चाकं.

मुंबईची निळी. ३१ हजार किमी. स्पोर्ट क्रोनो (गाडी जोरात चालवायचं पॅकेज), पॅसम (इलेक्ट्रॉनिक डँपर, म्हणजे शॉक ऑब्सॉर्बर), पीटीव्ही (वळणात मदत करणारी यंत्रणा), स्पोर्ट एक्झॉस्ट, २० इंची चाकं. पांढरीपेक्षा ११ लाखांनी महाग.

११ लाखांत माझ्या शेडमध्ये एक बरं सेकंडहँड टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) येतं, आणि ते महिन्याला पैसे कमावून देतं. हा विचार डोक्यातून जात नाही, काय करू. कंपनीचे आकडे बघितले तर पीडीकेला शून्य ते शंभर ४.९ सेकंद, स्पोर्ट क्रोनो असेल तर ४.७. दोन दशांश. माझ्याकडे शाफ्टवर दोन दशांश मिलिमीटर चुकले तर अख्खा लॉट परत येतो, तिथं दोन दशांशाची किंमत मला कळते. पण कावळा नाक्याच्या सिग्नलवर दोन दशांश सेकंद आधी सुटून मी काय करणार, पुढच्या केएमटीच्या बसला जाऊन चिकटणार?

वापर सांगतो, म्हणजे अंदाज येईल. रविवारी पहाटे साडेपाचला गगनबावडा, वर चहा, नऊच्या आत घरी. जाऊन-येऊन ११० किमी. कधी आंबा घाट. महिन्यातून एकदा पुणे. गगनबावड्याचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको: बालिंगा, कळे, असळज, गाव आलं की स्पीडब्रेकर, आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या. पावसाळ्यात काय होतं ते तर देवालाच ठाऊक.

निळीवाला डीलर म्हणतो, "सर, फुल लोडेड आहे, रिसेलला बघा." विकायला मी घेतच नाहीये!

प्रश्न दोनच. ही ऑप्शन्स आपल्या रस्त्यावर अंगाला जाणवतात का? आणि पांढरी घेऊन नंतर हळूहळू बसवून घेता येतात का?

तांबडा_पांढरा

भावा, निळी. विषय संपला. ज्या दिवशी दोन सीटची गाडी घ्यायचं ठरवलंस त्याच दिवशी हिशेबाची वही पंचगंगेत सोडलीस, आता ११ लाखांसाठी परत पाण्यात उतरतोस होय? स्पोर्ट एक्झॉस्टचं बटण दाबून रंकाळ्याला एक फेरी मार. जाळ अन् धूर संगटच!

गोकुळशिरगावकर

रंकाळ्याला फेरी मारली की पावती माझ्या नावानं फाटते, तुझ्या नाही.

एफजी२६०

साहेब, शिरोलीत फाउंड्री आहे आणि पाच वर्षं माझ्याकडे ९८१ बॉक्स्टर (७१८ च्या आधीची पिढी) आहे, म्हणजे तुमच्या केमनची थोरली बहीण, छत उघडणारी. माझीला पॅसम आणि स्पोर्ट क्रोनो दोन्ही आहे. म्हणून बोलतो.

आधी एक विचारतो. निळीचे कॅलिपर पिवळे नाहीत ना? पिवळे म्हणजे सिरॅमिक ब्रेक. असते तर मी इथंच थांबा म्हटलं असतं. सिरॅमिकची डिस्क बिडाच्या डिस्कच्या निम्म्या वजनाची असते, ट्रॅकवर एकामागून एक राउंड मारले तरी दम सोडत नाही, चाकावर काळी भुकटी बसत नाही. सगळं खरं. पण काढता-घालता चाक निसटून डिस्कच्या कडेवर आपटलं आणि टवका उडाला, तर एका डिस्कचं बिल बघून माणूस खाली बसेल. आणि आपलं बीड काय वाईट आहे का? त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता भराभर पसरते आणि कंप जिरतो. जगातल्या बहुतेक गाड्या त्याच्यावरच थांबतात. रविवारी पहाटे थंडगार हवेत एक घाट उतरायला सिरॅमिक म्हणजे विहिरीतून तांब्याभर पाणी काढायला क्रेन.

आता स्पोर्ट क्रोनो. लोक डॅशबोर्डवरचं घड्याळ बघून भुलतात, ते सगळ्यात बिनकामाचं. खरा माल तीन ठिकाणी आहे. एक, लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला झटक्यात सोडायची सोय. तुमचे ते दोन दशांश बरेचसे तिथून येतात, उभ्या गाडीवरून सुटताना. इंजिन तेच ३०० चं आहे, क्रोनो घेतलं म्हणून ताकद एक घोडाही वाढत नाही. दोन, स्टीअरिंगवरची मोड बदलायची फिरकी आणि तिच्या मधलं बटण. दाबलं की वीस सेकंद इंजिन आणि गिअरबॉक्स एकदम तयारीत उभे. पुढं ट्रॉली, समोरचा रस्ता मोकळा, अशा वेळी हे कामाला येतं. तीन, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते गिअरबॉक्सचे माउंट (त्याला गाडीला धरून ठेवणारे आधार). त्यात द्रव असतो, द्रवात लोखंडाचे बारीक कण. करंट दिला की चुंबकानं तो द्रव घट्ट होतो. एरवी मऊ, वळणात कडक. इंजिन-गिअरबॉक्सचं धूड सीटच्या मागं आहे, ते वळणात हललं की तुमच्या पाठीला कळतं. घट्ट धरलं की गाडी एकसंध वाटते. हे मला आवडतं. पण फक्त एवढ्यासाठी ११ लाख? नाही.

पीटीव्ही: वळणात शिरताना आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं ब्रेक होतं, गाडी नाक आत घालते. सोबत मागे लॉकिंग डिफरन्शियल येतं, म्हणजे मागचं एकच चाक फुकट फिरत नाही. ते चांगलं आहे, पण ज्या वेगाला ते कळतं त्या वेगानं भुईबावडा घाटात गाडी हाणू नका एवढंच सांगीन. समोरून एसटी येते.

राहिलं पॅसम, आणि माझ्या मते निळीचा विचार करायचा तो ह्याच्याचसाठी. साध्या डँपरला एकच स्वभाव. पॅसमला दोन, आणि मधल्या मध्ये तो स्वतः बदलत राहतो. नॉर्मलला टाकलं की कळ्यापर्यंतचा रस्ता सुसह्य, पुढं वळणं सुरू झाली की बटण दाबा. वर्षाचे ५२ रविवार, गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत प्रत्येक मीटरला वापरलं जाणारं हे एकच ऑप्शन आहे. खोट एवढीच की पॅसमला गाडी १० मिमी खाली बसते. आपल्या स्पीडब्रेकरवर १० मिमी म्हणजे थोडं नव्हे, तिरकी काढायची सवय करा.

पण निळीला २० इंची चाकं आहेत, हे मला खटकतंय. १८ ला पुढचा टायर २३५/४५, म्हणजे रुंदी २३५ मिमी आणि रबराची भिंत तिच्या ४५ टक्के, सुमारे १०६ मिमी. २० ला २३५/३५, म्हणजे ८२. चोवीस मिलिमीटर रबर गेलं. पहिल्या मालकानं पॅसमसाठी पैसे मोजून आराम विकत घेतला आणि चाकांसाठी पुन्हा पैसे मोजून तो परत देऊन टाकला. शोरूममध्ये दिसतात भारी, ते मान्य.

नंतर बसवायचं म्हणाल तर एक्झॉस्ट बसतो. पॅसम आणि डिफरन्शियल मागाहून बसवायचं खूळ डोक्यातून काढा. डँपर, वायरिंग, सेन्सर, वर कोडिंग, आणि ते करायला कोल्हापुरात अधिकृत कोणी नाही. गाडी फ्लॅटबेडवर घालून पाठवायची. मी एकदा पाठवली होती, एका साध्या सेन्सरसाठी, सोळा दिवस लागले.

वळणदार

एफजीकाकांचं सगळं पटलं, एक गोष्ट राहिली. टायरची तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. २६ हजार किमी झालेल्या गाडीवर अजून मूळचे टायर असू शकतात. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर लाकूड झालेलं असतं. तसल्या टायरवर पांढरी चालवून बघाल आणि म्हणाल, "छे, साधं सस्पेन्शन आदळतंय." दोष सस्पेन्शनचा नसेलही. पोर्शेनं पसंत केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ असा शिक्का असतो, तोही बघा.

मी कार्टिंगपासून सुरुवात केली, मग कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर स्वतःची गाडी घेऊन दोन दिवस गेले होते. तिथं मोड बदलून बदलून बघितले. पहिला अख्खा दिवस मला कुठल्याच मोडमध्ये फरक पडला नाही, कारण ब्रेक कुठं मारायचा हेच मला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कळायला लागला. तेव्हा पीटीव्हीसाठी पैसे मोजताना स्वतःला विचारा, तुम्ही ट्रॅकवर जाणार आहात का? कोल्हापूरहून कोइमतूर हजाराच्या आसपास किलोमीटर आहे.

आणि टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका दादा. डीलर मुद्दाम तिथंच नेतात.

गोकुळशिरगावकर

कॅलिपर काळे आहेत काका, दोन्हीला. ट्रॅकवर जाईन असं म्हणायला आवडेल, पण खोटं कशाला बोलू. शनिवारी निघतोय, आधी पुणे मग मुंबई. घरचेही येणार आहेत, म्हणजे निकाल काय लागणार ते उघड आहे.

गोकुळशिरगावकर

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, ऑडिट होतं.

पांढरी कात्रजच्या जुन्या घाटातून चालवली. वळणदारताई, तुम्हाला साष्टांग. चारही टायर २०१९ चे. डीलर म्हणाला, "नक्षी बघा ना सर." मी म्हटलं, नक्षी माझ्या सासूबाईंच्या पितळी डब्यावरही आहे. गाडी मात्र मनाला लागली. कसलं बटण नाही, काही निवडायचं नाही, स्टीअरिंग फिरवलं की वळते. पण रस्त्याच्या प्रत्येक जोडावर धप्, आणि धप् विरायच्या आत दुसरा धप्. टायरचा वाटा किती आणि डँपरचा किती ते सांगता येईना. बायकोनं दहाव्या मिनिटाला मान धरली.

मुंबईला डीलरनं ईस्टर्न फ्रीवे दाखवला. मी शिवडीकडं उतरवायला लावली, बंदराच्या बाजूला, कंटेनरांनी खाल्लेल्या रस्त्यावर. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. नॉर्मल मोडला निळी त्या रस्त्यावर पांढरीपेक्षा शहाणी वागली, २० इंची चाकं असून. खड्डा कळतो, पण एकदाच. स्पोर्टचं बटण दाबलं की दातावर दात. मग पुन्हा नॉर्मल, पुन्हा बरं. चारदा करून बघितलं. शेवटी बायको म्हणाली, "आता पुरे, कळलं मला सुद्धा." पॅसमवर माझा निकाल तिथं लागला.

ते वीस सेकंदवालं बटण फ्रीवेवर परतताना दाबलं. काही बोलत नाही. पर्स पायाशी पडली, मालकीण हसली, एवढंच नोंदवून ठेवतो.

खरी गंमत नंतर झाली. गाडी लिफ्टवर घ्यायला लावली आणि चाकं हातानं फिरवली. रनआउट, म्हणजे फिरताना डगमगतं का, ते बघायची आमची धंद्याची सवय. पुढचं डावं रिम आतल्या बाजूनं वाकलेलं, डोळ्याला दिसण्याइतकं. उजव्या मागच्याला वेल्डिंग केलेलं. एफजीकाका, तुमचे चोवीस मिलिमीटर! तिथं घासाघीस सुरू झाली ती तासभर चालली, आणि ११ चा फरक ६ वर आला. वाचलेल्या पैशांतून १८ इंची चाकांचा जुना पण सरळ सेट आणि नवे टायर घेतले. एवढं करून पांढरीच्या किमतीत नवे टायर धरले असते तर फरक साधारण साडेसहा लाख राहिला. साडेसहा लाखांत पॅसम घेतलं असं मी मानतो. क्रोनो, पीटीव्ही, एक्झॉस्ट हे भाजीवर मिळालेली कोथिंबीर.

परवा एकटाच गगनबावड्याला जाऊन आलो. करूळ घाटाचं काँक्रीट झालंय, तिथं स्पोर्टला टाकली. बाकी सगळा रस्ता नॉर्मल. एका स्पीडब्रेकरला पोट घासलं, कळ्याच्या पुढं. तुमचे १० मिमी.

घड्याळ अजून एकदाही सुरू केलेलं नाही.

तांबडा_पांढरा

ते सगळं राहू दे. आवाज कधी ऐकवतोस?

गोकुळशिरगावकर

रविवारी साडेपाच, बालिंग्याच्या पुढं, वस्ती संपते तिथं. येताना मिसळ तुझ्याकडून.