ॲक्सेस फेकून द्या म्हणणाऱ्यांना उत्तर

हिशेबवही: ‘ॲक्सेस म्हणजे खेळणं, धंदा वाढला की फेका आणि सगळं पोस्टग्रेसवर नव्याने लिहा’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. (ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा छोटा डेटाबेस प्रोग्राम, पोस्टग्रेस म्हणजे सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस.) दुखणं डेटाच्या फाइलचं आहे, फॉर्म-रिपोर्टचं नाही. २ जीबीची मर्यादा नंतर आडवी येते. त्याआधीच शेअर्ड फोल्डरमधली फाइल सगळे एकदम उघडतात, लिहिता लिहिता एकाचं वायफाय जातं आणि फाइल करप्ट होते. म्हणून टेबलं एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर न्या, फॉर्म ॲक्सेसमध्ये आहेत तसे ठेवा, दोन्ही जोडणाऱ्या ओडीबीसीने लिंक करा. वर्षानुवर्षं फॉर्ममध्ये मुरलेले नियम कुठल्याच कागदावर नसतात. ते नव्याने कोण लिहिणार?

रोखठोक: सल्ला माझाच, आणि मी ठाम आहे. लिंक केलं की वेग वाढतो हा भ्रम आहे. क्वेरीच्या, म्हणजे डेटा शोधून आणणाऱ्या आज्ञेच्या, अटीत ॲक्सेसच्या व्हीबीए भाषेतलं एखादं फंक्शन असलं की ते सर्व्हरला चालवता येत नाही. अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढलं जातं. आमची ऑर्डरची यादी लिंक केल्यावर आधीपेक्षा हळू उघडायला लागली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

हिशेबवही: मग त्या क्वेरीचा सर्व्हरवर व्ह्यू करा ना, म्हणजे ती तिथेच साठवून तिथेच चालवा! एका यादीसाठी चालती सिस्टिम पाडायची?

शाईपेन: वेगाचं राहू द्या. आमचा डेटा नेणाऱ्या सल्लागाराने नावांचे कॉलम व्हारचार, म्हणजे सहसा देवनागरी न मावणाऱ्या प्रकारचे, केले. ॲक्सेसमध्ये मजकूर सगळ्या लिपी सामावणाऱ्या युनिकोडमध्ये होता. इकडे आल्यावर देवनागरीतलं प्रत्येक नाव ‘????? ????’. पत्तेही तसेच. वर म्हणाला, इंग्रजीत भरा. का भरायचं? युनिकोड घेणारा एनव्हारचार करायला त्याला एक अक्षर जास्त लिहावं लागलं असतं. अजून संताप होतो.

जुनाजाणता: रास्त आहे संताप. आणि कॉलम एनव्हारचार असला तरी डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी एन लावला नाही तर बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्हंच उमटतात. गेलेली अक्षरं परत येत नाहीत, जुनी फाइल जपून ठेवा. तारखाही तपासा. ॲक्सेस इ.स. १०० पासूनची तारीख घेतं, एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम हा तारखेचा प्रकार १७५३ पासून. कुणी २०१९ ऐवजी २१९ टाइप केलं असेल तर ती ओळ अडते. डेटटाइम२ केलं की अडत नाही, पण चुकीची तारीख तशीच आत जाते.

रोखठोक: म्हणजे कचरा इकडून तिकडे नेताय.

शाईपेन: माझ्या ग्राहकांची नावं कचरा? शब्द जपून वापरा.

रोखठोक: तारखांना म्हटलं, नावांना नाही. देवनागरीचं मान्य. सगळं एकदम पाडू नये, हेही एक वेळ मान्य. पण एसक्यूएल सर्व्हरच्या फुकटातल्या एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामं उरकणारा एजंट नसतो. रात्रीचा बॅकअप कोण घेणार? आणि ते व्हीबीए लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला की?

हिशेबवही: बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावता येतो. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून पाहिल्याशिवाय टेबलं हलवू नयेत, ही अट मला मंजूर. माणसाचा प्रश्न मात्र खरा आहे. म्हणूनच आधी डेटा वाचवा. फॉर्म एकेक करून नव्याने लिहायला त्यानंतर वेळ मिळेल.

रोखठोक: एकेक करून का होईना, लिहायचे आहेत ना? एवढंच तुमच्याकडून ऐकायचं होतं.