जिफ, गिफ की ‘हलणारा फोटो’?

सासूबाईंना सत्यनारायणाच्या पत्रिकेवर हलणारा दिवा हवा होता, मी नेटवरून एक उतरवून टाकला, स्क्रीनवर ज्योत मस्त फडफडत होती आणि प्रिंट काढली तर गप्प उभी. आता म्हणतात तूच काहीतरी बिघडवलंस. तर मंडळी, अशा हलत्या चित्राच्या फाइलला (GIF) जिफ म्हणायचं की गिफ? आणि मराठीत धड शब्द आहे का? ‘सचेतन चित्र’ वाचलंय कुठेतरी, पण घरात असं कोण बोलणार!

– ताई, बिघडलं काहीच नाही. शाळेत वहीच्या कोपऱ्यात पानापानावर माणूस काढून पानं फर्रकन सोडायचो ना, तो पळायचा, तसंच हे. एकाच फाइलमध्ये बरीच चित्रं आणि प्रत्येक किती वेळ दाखवायचं त्याची नोंद. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं. कागदावर एकच फ्रेम उमटणार, बहुतेक पहिली. उच्चाराचं म्हणाल तर १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइटने हा प्रकार बनवला, तो शेवटपर्यंत जिफच म्हणायचा, पण GIF मधला G हा ग्राफिक्समधला ग आहे म्हणून अर्धं जग गिफ म्हणतं. मीही गिफच म्हणतो, सवय. आणि एका फ्रेममध्ये साधारण २५६च रंग बसतात, म्हणून पैठणीचा फोटो जिफ केला की रंग फुटतात.

– पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जिफ’ लिहून येतं ते तर चांगलं स्वच्छ दिसतं की.

– कारण ते बहुतेक वेळा जिफ नसतंच हो, आवाज काढून टाकलेला छोटा व्हिडिओ असतो. नाव तेवढं उरलंय, जसं आपण कुठल्याही कपडे धुण्याच्या पावडरीला एकाच ब्रँडच्या नावाने हाक मारतो.

– मराठी शब्दांचं म्हणाल तर हे चित्र पुन्हा पुन्हा फिरतं त्या ‘लूप’ला माझं मत ‘आवर्तन’. तबल्यात कसं फिरून समेवर येतं, तसं शेवटच्या फ्रेमवरून परत पहिलीवर. हे अखंड फिरणं १९९५च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरने आणलं, त्यानंतर वेबपानांवर फिरणारे पृथ्वीगोल आणि ‘काम चालू आहे’वाले फावडेबहाद्दर नुसते बोकाळले होते, आठवतंय का कुणाला?

– आमच्या नगर जिल्ह्यात आवर्तन म्हटलं की लोक फावडं घेऊन पाटावर पळतील, कालव्याचं पाणी सुटलं म्हणून. लूपच बरं.

– 😄 बरं, व्हिडिओ अडकला की जो गोल फिरतो त्याला आमचे बाबा ‘बफरिंग’ म्हणतात, ते बरोबर का?

– अर्धं बरोबर. बफरिंग म्हणजे पुढचा भाग आधीच आणून साठवून ठेवणं, गच्चीवरच्या टाकीसारखं. टाकी रिकामी झाली की नळ थांबतो आणि तो गोल दिसतो. गोलाला लोडर म्हणतात. आणि तो फिरतोय म्हणजे काम पुढे सरकतंय असं मुळीच समजू नका, तोही एक लूपच, नेट गेलं तरी फिरत राहतो. मी एकदा बँकेचा फॉर्म भरताना वीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसलोय, म्हणून सांगतो.

– सगळ्यांचे आभार. वहीवाला दाखला सासूबाईंना लगेच पटला. ‘हलणारा फोटो’च कायम ठेवतेय मी, पण आता त्या म्हणतात, एवढे फोटो आहेत ना आत, मग ज्योत सरळ उभी असलेला शोधून दे, पहिल्यात ती वाकडी आहे. ते कसं करायचं सांगा कुणीतरी, गुरुवारी पत्रिका वाटायच्यात.