रक्तात प्रतिपिंडे असूनही नागीण का उठली?

ओसरी : माझ्या आईला (वय ६९) चार दिवसांपूर्वी डाव्या बरगडीखाली नागीण उठली. लहानपणी तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या आणि दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) भरपूर आढळली होती. दोन्ही आजारांचा विषाणू एकच आणि प्रतिपिंडेही शाबूत, तर मग साठ वर्षांनी तो डोके वर काढतोच कसा? शेजारच्या आजी गेरू लावायला सांगून गेल्या असून, विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, असे म्हणून त्यांनी आईला घाबरवून ठेवले आहे.

सूक्ष्मदर्शी : प्रतिपिंडे विषाणूला पेशीच्या बाहेर गाठतात, पेशीत शिरलेल्या विषाणूपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. कांजिण्यांच्या वेळीच हा विषाणू मणक्यालगतच्या मज्जापेशींच्या (नर्व्ह सेल) गाठींमध्ये जाऊन बसतो आणि तेथे जवळजवळ निपचित पडून राहतो. त्याला दाबून ठेवण्याचे काम मुख्यतः टी-पेशींचे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावरील ओळख-रेणूंवर मांडून ठेवतात आणि मारक टी-पेशी ते तपासत फिरतात. परका तुकडा दिसला की टी-पेशी त्या पेशीला चिकटते, परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोके पाडून ग्रॅन्झाइम ही विकरे (एन्झाइम) आत सोडते, आणि बाधित पेशी विषाणूसकट स्वतःला संपवते. परका तुकडा आपल्याच शरीराच्या ओळख-रेणूवर बसलेला असेल तरच टी-पेशीला तो कळतो, हे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरा येथे उंदरांवर प्रयोग करून दाखवले, ज्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. वयानुसार या विषाणूविरुद्धच्या टी-पेशींचा जोर ओसरतो, प्रतिपिंडे मात्र बरीच टिकून राहतात. आपल्या आईंच्या तपासणीत मोजली गेली ती प्रतिपिंडे. पहारा ढिला पडला तो टी-पेशींचा.

रात्रपाळी : वरील प्रतिसादात थोडी भर घालतो. नष्ट झालेल्या मज्जापेशी सहसा भरून येत नाहीत, त्यामुळे टी-पेशींनी तेथे सरसकट कत्तल केली तर ते आपल्यालाच महागात पडेल. याच भावकीतील हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूवर उंदरांमध्ये झालेल्या संशोधनात २००८ मध्ये असे दिसले की ग्रॅन्झाइम विषाणूला लागणारे एक प्रथिन कापून टाकते आणि मज्जापेशी मात्र जिवंत राहते. मला स्वतःला रोगप्रतिकारशास्त्रातील ही सर्वांत सुंदर तडजोड वाटते.

विषाणूही लबाड असतो. तो ओळख-रेणू पृष्ठभागावर येऊच देत नाही, म्हणजे टी-पेशींना तपासायला काही उरत नाही. अशा वेळी नैसर्गिक मारक पेशी पुढे येतात, कारण ओळख-रेणू नसलेली पेशीच त्यांना संशयास्पद वाटते. या पेशी नसलेल्या रुग्णांत कांजिण्यांनी गंभीर रूप धारण केल्याच्या नोंदी आहेत.

विळख्याविषयी : प्रत्येक गाठीतून निघणारे मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला जातात. आपल्या आईंचे फोड पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येऊन थांबलेले दिसतील. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत फोड अंगभर पसरू शकतात, पण त्याचा विळख्याशी संबंध नाही. गेरूने विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. विषाणूरोधक गोळ्या मात्र फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात.

ओसरी : गोळ्या दुसऱ्याच दिवशी सुरू केल्या आहेत. फोड खरोखरच मध्यरेषेवर थांबले आहेत. आईला आरशात दाखवल्यावर ती बरीच सावरली. घरात दहा महिन्यांची नात आहे, तिला नागीण लागेल का?

रात्रपाळी : नागीण लागत नाही, पण फोडांतील पाण्याच्या संपर्कातून तिला कांजिण्या येऊ शकतात. सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत ते स्वच्छ कापडाने झाकून ठेवावेत, आईंचा टॉवेल वेगळा ठेवावा आणि तोपर्यंत नातीला त्यांच्या कुशीत देऊ नये.