मदत हवी आहे: लिमोज सीएसपी, साल २०००
फ्रान्सच्या लिमोज सीएसपी या बास्केटबॉल क्लबच्या इतिहासावर मराठीत लेख लिहितोय. १९९३ ला अथेन्समध्ये त्यांनी बेनेटन ट्रेविझोला ५९-५५ असं हरवून युरोपचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक माल्कोविच यांच्या संथ, बचावात्मक खेळावर तेव्हा बरीच टीका झाली, पण मला तो चिवटपणा फार आवडतो. तो भाग लिहून झालाय.

गाडी अडलीय २००० पाशी. लीग, फ्रेंच कप, कोराच कप (युरोपीय क्लबांची एक स्पर्धा) असे तिन्ही जिंकूनही आर्थिक अडचणींमुळे क्लबला खालच्या श्रेणीत टाकलं. विकिपीडिया, क्लबची साइट पाहिली. निर्णयाचा तपशील सापडला नाही. फ्रेंच वाचता येतं, फ्रान्सला जाणं मात्र शक्य नाही. त्या वर्षीचे 'ल पोप्युलेर द्यु सांत्र' या लिमोजच्या दैनिकाचे अंक ऑनलाइन कुठे वाचता येतील?