मदत हवी आहे: बर्फातल्या प्रवासासाठी जीप रँग्लरला एलईडी हेडलाइट बसवावेत का?

बोनदीकाठ (धागाकर्ता):

सर्वांना नमस्कार.

मी गेली सहा वर्षे कॅनडातील कॅलगरी येथे राहतो आणि माझ्याकडे २०१३ सालची, जेके पिढीतील दोन दारांची जीप रँग्लर आहे. गाडीचे सात इंची गोल हेडलाइट मूळचेच असून त्यांत एच१३ प्रकारचे हॅलोजन बल्ब आहेत. ते काढून एलईडी दिवे बसवावेत असे दोन महिने मनात घोळते आहे. परंतु याविषयी मिळणारी बहुतेक माहिती कोरड्या रस्त्यावर किंवा वाळवंटात गाडी चालवणाऱ्यांची आहे. म्हणून ज्यांनी हा बदल करून खऱ्या बर्फात निदान एक हिवाळा काढला आहे, त्यांचा अनुभव विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

प्रथम वापर सांगतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावर जाणे-येणे दोन्ही अंधारातच होते. शहरात रस्त्यावर दिवे असल्याने तेथे काही अडत नाही. अडचण आहे ती शनिवार-रविवारची. आम्ही लेक लुईसहून जॅस्परकडे जाणाऱ्या ९३ क्रमांकाच्या आइसफील्ड्स पार्कवेवर किंवा फॉरेस्ट्री ट्रंक रोडच्या खडीच्या रस्त्यावर जातो. पार्कवे सुमारे २३० किलोमीटरचा असून त्याच्या बहुतांश भागात दिवेही नाहीत आणि मोबाइलची रेंजही नाही. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तेथे हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि ते माझ्याकडे आहेत. मात्र टायर कितीही चांगले असले, तरी समोर उभे असलेले एल्क हरीण दिसलेच नाही, तर त्यांचा काय उपयोग?

मी एक साधे गणित करून पाहिले. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२५ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे १२७ मीटर जातात आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात आणखी ३७ मीटर. हे एकूण १६० मीटरच्या पुढे जाते. माझ्या गाडीच्या डिपरच्या उजेडात गडद रंगाचे जनावर मला साधारण ६० ते ७० मीटरवर ओळखू येते. अर्थात मी ताशी ९० ने जात नाही, ५०-५५ ने जातो. तरीही मागच्या ट्रकचालकाला ते पटतेच असे नाही.

आता माझ्या चुकीविषयी. गेल्या हिवाळ्यात मी ऑनलाइन एक स्वस्त एलईडी बल्बची जोडी मागवली आणि मूळच्या हॅलोजन दिव्यांतच ती बसवली. गॅरेजच्या भिंतीवर पडलेला पांढराशुभ्र उजेड पाहून मी हरखून गेलो. रस्त्यावर गेल्यावर मात्र पहिल्या दहा मिनिटांत चार गाड्यांनी मला अप्पर-डिपर करून दाखवले. गाडीपुढचे वीस मीटर लख्ख उजळले होते आणि त्यापलीकडे पूर्वीपेक्षाही अधिक काळोख वाटत होता. याचे कारण मला नंतर समजले. हॅलोजन दिव्याचा रिफ्लेक्टर एका बारीक, गोलाकार तारेभोवती आखलेला असतो, तर एलईडी बल्बमध्ये उजेड दोन सपाट बाजूंवरील चिपांमधून निघतो. उजेडाची जागा आणि आकार थोडे जरी बदलले, तरी डिपरच्या झोताची वरची कड विस्कटते. जो उजेड दूर रस्त्यावर पडायला हवा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

खरा धडा पुढेच होता. बो समिटजवळ, म्हणजे दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, संध्याकाळी ओलसर बर्फ पडू लागला आणि अर्ध्या तासात मला रस्ता दिसेनासा झाला. दिवे बिघडले असावेत असे समजून मी गाडी बाजूला घेतली, तर दोन्ही काचांवर बर्फाचा बोटभर जाड थर बसला होता. हॅलोजन बल्ब आपल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता झोताबरोबर पुढे जाऊन काच ऊबदार ठेवते. एलईडीची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांवाटे इंजिनाकडे जाते आणि काच थंडच राहते. आजवर ज्याला आपण हॅलोजनचा उधळेपणा म्हणत होतो, तोच हिवाळ्यात कामाला येत होता, हे मला तेथे हातमोजाने काच पुसताना उमगले. परतीच्या वाटेवर दर वीस मिनिटांनी थांबलो आणि त्याच आठवड्यात ते बल्ब काढून टाकले.

त्यामुळे आता फक्त बल्ब बदलण्याचा विचार नाही. काच, रिफ्लेक्टर आणि एलईडी एकत्र असलेला संपूर्ण सात इंची दिवा घेण्याचा विचार आहे, आणि त्यातही काच तापवणारा. जे. डब्ल्यू. स्पीकर आणि ट्रक-लाइट या कंपन्यांचे असे दिवे बाजारात आहेत. साध्या दिव्यापेक्षा ते बरेच महाग आहेत. दुसरा मार्ग म्हणजे हॅलोजनच कायम ठेवावे, पिवळट पडलेल्या काचांसह दोन्ही दिवे नवे घ्यावेत आणि उरलेल्या पैशांत बंपरवर पिवळे फॉग दिवे बसवावेत.

मला विचारायचे आहे ते असे. तापणारी काच प्रत्यक्षात बर्फ कितपत वितळवते? उणे २५ अंशांतही ती पुरी पडते का? एलईडीचा पाच-सहा हजार केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढरा उजेड पडत्या बर्फात अधिक त्रास देतो, हे खरे आहे की तो निव्वळ समज आहे? शिवाय या गाडीत एलईडी बसवल्यावर ते लुकलुकतात, असे अनेकांनी लिहिले आहे. त्यावर खात्रीचा उपाय कोणता? लहानपणी आमच्या गावाकडच्या ट्रकांच्या हेडलाइटवर काळा ठिपका किंवा पिवळा कागद चिकटवलेला असे. तेव्हा ती हौस वाटायची. आता त्यामागचा विचार थोडाफार कळतो.

घाटवाटा:

मी पुण्याचा. माझ्याकडे जुनी महिंद्रा थार आहे आणि ती घेऊन मी एकदा हिवाळ्यात स्पितीला जाऊन आलो आहे. आपल्याइतका बर्फाचा अनुभव मला नाही, तरी एक सुचवतो. दिवे बदलण्यापूर्वी बल्बच्या होल्डरपाशी मीटर लावून व्होल्टेज मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड ३० टक्के कमी होतो. थारमध्ये मी बॅटरीपासून थेट जाड तार आणून रिले किट (विजेने चालणारे स्विच) बसवले आणि त्याच बल्बांनी रस्ता नवा वाटू लागला. खर्चही अगदी किरकोळ आला. काचा पिवळ्या पडल्या असतील, तर त्या बदलण्याला पर्याय नाही. पॉलिश केलेली काच वर्षभरात पुन्हा धुरकट होते.

मिनेसोटाकर:

घाटवाटा यांचा मीटर लावून पाहण्याचा सल्ला योग्य आहे, परंतु रिले किट या गाडीत जसेच्या तसे बसवू नका. जेकेमध्ये हेडलाइटला अखंड वीज मिळत नाही. गाडीचे पॉवर मॉड्यूल ती अतिशय वेगाने चालू-बंद करून, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी, सोडते. हॅलोजनची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. रिले मात्र त्या तालावर खडखडतो आणि लवकरच निकामी होतो. एलईडी लुकलुकतात ते याच कारणाने. उपाय म्हणजे कपॅसिटर (वीज साठवून ती सलग सोडणारा भाग) असलेले, लुकलुक थांबवणारे हार्नेस, म्हणजे मध्ये जोडायचा तारांचा संच. चांगल्या उत्पादकांच्या जेकेसाठीच्या दिव्यांत ही सोय आत असते किंवा जोडीला दिली जाते, ते खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना दिवसा आपोआप लागणारे दिवे सक्तीचे आहेत. आपल्या गाडीत ते मंद केलेल्या डिपरवरच चालत असतील, तर लुकलुक दिवसाच अधिक दिसेल. तेव्हा तपासणी केवळ रात्री करू नका.

तापणाऱ्या काचांविषयी: मी असे दिवे चार हिवाळे वापरत आहे. काचेत केसाएवढ्या बारीक तारांची जाळी असते आणि तापमान गोठणबिंदूच्या आसपास आले की ती आपोआप चालू होते. ओला बर्फ आणि समोरच्या ट्रकने उडवलेला मिठाचा चिखल यांवर ती उत्तम काम करते. तासभर उभ्या गाडीवर साचलेला घट्ट थर मात्र ती लगेच वितळवत नाही, तो निघण्यापूर्वी हातानेच झाडावा लागतो. झाडताना मऊ ब्रशच वापरा. पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे पाते हेडलाइटला लावले, की पॉलिकार्बोनेटवरचा (ही काच प्रत्यक्षात प्लास्टिकची असते) संरक्षक थर गेलाच म्हणून समजा.

उणे २५ ची चिंता आपण उलट्या बाजूने करत आहात, असे मला वाटते. त्या थंडीतला बर्फ पिठासारखा कोरडा असतो आणि थंड काचेवरून वाऱ्यानेच उडून जातो. घात करतो तो शून्य ते उणे आठच्या दरम्यानचा चिकट बर्फ. आपल्या कॅलगरीकडे चिनूक, म्हणजे रॉकी पर्वतांवरून उतरणारे उबदार वारे सुटले, की दुपारी रस्ते वितळतात आणि रात्री पुन्हा गोठतात; त्या दिवशी या दिव्यांची किंमत वसूल होते. रँग्लरचे दिवे जवळजवळ उभे आणि ग्रिलच्या खोबणीत बसवलेले असल्यामुळे बर्फ त्या कड्यातच अडकून राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

वायरमन:

रंगाविषयी थोडे. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात आणि हिमकण तर त्याहून कितीतरी मोठे. त्यामुळे निळा किंवा पिवळा उजेड त्यांच्यावरून जवळपास सारखाच विखुरतो. पिवळा उजेड ‘धुके कापतो’ हे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून नाही. मात्र निळसर उजेडाची चमक डोळ्यांना अधिक खुपते, त्यामुळे पिवळ्या दिव्याने ताण कमी होतो. फॉग दिव्याचा खरा गुण त्याच्या जागेत आणि झोतात आहे. तो खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, म्हणून आपल्या डोळ्यांच्या रेषेतले हिमकण त्यात उजळत नाहीत. याच कारणाने पडत्या बर्फात अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. छतावर एलईडी बार बसवण्याचा मोह झाला, तर तो कोरड्या रात्रीसाठी ठेवा.

आणि काचेवर डीओटी आणि एसएईच्या (दिवा अमेरिकी मानकांनुसार असल्याच्या) खुणा नसतील, तर दिवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. युरोपातील नियम पाहिल्यास, डिपरमधील प्रकाशस्रोत २,००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप) प्रखर असेल तर तेथे काच धुण्याची यंत्रणा सक्तीची केलेली आहे, कारण प्रखर दिव्याची मळकी काच उजेड सगळीकडे फेकते. रस्त्यावरच्या मिठाने आपली काच कायम मळकीच असणार आहे.

बोनदीकाठ:

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल मीटर लावला, परंतु तुकड्यांनी येणाऱ्या विजेमुळे आकडा भरवशाचा मिळाला नाही. मिनेसोटाकर यांचे म्हणणे येथेच पटले. तापणाऱ्या काचेचे दिवे मागवले आहेत. त्यांच्या लुकलुक थांबवणाऱ्या हार्नेसची विचारणा आधी केली, ते सोबतच येते. पिवळे फॉग दिवे मूळ फॉग दिव्यांच्या जागीच बसवणार आहे आणि छतावरच्या बारचा विचार सोडून दिला आहे.

गाडी मी अडीच इंच उचलून घेतली आहे, हे सांगायचे राहिले होते. त्यानंतर दिव्यांचा नेम मी कधीच तपासला नव्हता. आज २५ फुटांवरून भिंतीवर पाहिले, तर डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा चार बोटे वर निघाली. म्हणजे गेल्या हिवाळ्यात ज्या चार गाड्यांनी मला अप्पर-डिपर केले, त्यांचा राग सगळाच त्या बल्बांवर नव्हता. ग्रिलचे वरचे पिन काढून, कड्याचे चार टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू सोडवले की जुने दिवे निघतील असे दिसते. नवे दिवे बसवल्यावर नेम लावण्यासाठी गॅरेजच्या भिंतीवर रंगीत पट्टी आताच चिकटवून ठेवली आहे. टाकी भरलेली आणि मागे नेहमीचे सामान असतानाच नेम लावावा, की रिकाम्या गाडीत लावून थोडा खाली ठेवावा, एवढे कोणी सांगितले तर या शनिवारी काम उरकेन.

मिनेसोटाकर:

नेहमीच्या सामानासह आणि चालकाच्या जागी आपल्याएवढे वजन ठेवून लावा. दोन दारांच्या गाडीचा मागचा भाग सामानाने चटकन दबतो आणि तेवढ्यानेच कड वर जाते. त्याआधी टायरमधील हवा मोजून घ्या. थंडीत ती उतरलेली असते.